रोटेनबुर्गच्या तटासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की एक रविवार रोटेनबुर्ग या जुन्या तटबंदीच्या गावाचा, हे जर्मनीतल्या आपल्या फ्रँकोनिया भागातल्या बहुतेक मराठी घरांत ठरलेलंच असतं. प्लोनलाइन या छोट्या तिठ्यापाशी फोटो काढायचे, मग र्‍योडर वेशीजवळच्या जिन्याने तटावर चढायचं. वरच्या लाकडी छपराखालून चालताना भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी पाट्या दिसतात. त्यांवर नाव असतं, गाव असतं आणि 'एक मीटर', 'दोन मीटर' असा आकडा. बरीच नावं अमेरिकन आणि जपानी आहेत. तिथे एक पाटी आपल्या मंडळाचीही असावी, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे.

या पाट्या का लागल्या, ते आधी सांगायला हवं. ३१ मार्च १९४५ रोजी बाँबहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग जळाला. माणसं गेली, शेकडो घरं गेली, सहाशे मीटरहून अधिक तट आणि नऊ बुरूज पडले. युद्धानंतर गावाने जगाला हाक घातली आणि अनोळखी लोकांनी मीटर-मीटरचे पैसे देऊन तट पुन्हा उभा केला. ती देणगीची पद्धत देखभालीसाठी आजही चालू आहे.

तट मुळात उभा राहिला तो गावाच्या वाढीबरोबर. ११४२ च्या सुमारास होहेनश्टाउफेन घराण्यातल्या तिसरा कोनराड या जर्मन राजाने टाउबर नदीच्या वळणावर, उंच कड्यावर किल्ला बांधला. बाजूला वस्ती झाली, बाराव्या शतकात तिला पहिला तट पडला. वस्ती त्यात मावेना. आज गावाच्या ऐन मध्यात उभे असलेले मार्कुस बुरूज आणि पांढरा बुरूज हे त्या पहिल्या तटाचे. गाव त्यांच्या पुढे सरकलं आणि ते आत राहिले. १२७४ मध्ये हाब्सबुर्गच्या रुडोल्फ राजाने रोटेनबुर्गला थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या अखत्यारीतल्या नगराचा दर्जा दिला. दक्षिणेला वेशीबाहेर धर्मार्थ रुग्णालय होतं, पुढे तेही तटाच्या आत घेतलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नगराध्यक्ष हाइनरिश टोप्लरच्या काळात गावाचा दबदबा कळसाला पोहोचला. तोच टोप्लर १४०८ मध्ये नगरभवनाखालच्या तळघरात कैदी म्हणून मेला.

याच गावात रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर बेन बारूख यांनी अनेक वर्षं अध्यापन केलं, आणि याच गावात १२९८ साली ज्यू वस्तीची कत्तल झाली. पाहुण्यांना गाव दाखवताना हेही सांगावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

सतराव्या शतकातल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'नंतर गाव गरीब झालं. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं टिकलं. पण टिकलेलं जपावं लागतं. दगडांमधल्या दर्जांत पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, चुना सुटतो, मग दगड हलायला लागतो. छपराची कौलं आणि वासेही वेळच्या वेळी बदलावे लागतात. सुमारे अकरा हजार वस्तीच्या गावाला एवढा तट एकट्याने सांभाळणं जड आहे. वर्षानुवर्षं आपण त्यावरून फुकट चाललो. आता आपली पाळी आहे.

घरटी २५ युरो आम्ही सुचवतो. विद्यार्थ्यांनी ५ दिले तरी आनंदच. ज्यांना जास्त शक्य आहे त्यांनी हात आखडता घेऊ नये. दिवाळीच्या कार्यक्रमापर्यंत पैसे मंडळाच्या खात्यात भरा किंवा त्या दिवशी प्रवेशाशी ठेवलेल्या पेटीत टाका. जमलेली सगळी रक्कम तटासाठीच जाईल. एका मीटरपेक्षा जास्त जमली तरी उरलेले पैसे मंडळाच्या कुठल्याही खर्चाला वापरले जाणार नाहीत. हिशेब आणि पावती वार्षिक सभेत सर्वांसमोर ठेवू. पाटीवर फक्त मंडळाचं नाव असेल, कुणा एकाचं नाही.

नगरपालिकेशी जर्मनमध्ये पत्रव्यवहार करायला दोन जण हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी सचिवांना या आठवड्यातच कळवावं.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी