भुसावळच्या क्वार्टरमधल्या वहिनींना

वहिनी, नमस्कार.

तुमची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, आणि त्या गडबडीत नीट आभार मानायचे राहूनच गेले. तुमची लेक इथल्या शाळेत मराठी शिकली आहे, तिच्याकडून हे वाचून घ्या. इतरांनीही वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बाबांचं तेल-तिखट महिनाभर बंद केलं. शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर ताट सरकवणारा माणूस! मी मुगाचं पाणी, पातळ खिचडी, सगळं करून पाहिलं. चौथ्या दिवशी तुम्ही वाटीभर सूप घेऊन आलात. बाबांनी वाकून पाहिलं आणि अमळनेरच्या अहिराणीत विचारलं, "भांडा धुयेल पानी शे का हाई?" तुम्हाला कळलं नाही ते बरंच झालं. वाटी मात्र रिकामी झाली.

तुमच्या डोंगराळ कालिम्पोंगच्या थुक्प्यात, म्हणजे तिकडच्या सूपमध्ये, शेवया असतात. बाबांसाठी तुम्ही त्या वगळल्या आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, वाढवला. बाजारात पनीर हवं तेवढं, टोफू विचारला की दुकानदार आपल्याच तोंडाकडे बघतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, घरीच करू. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं, दीड-दोन लिटर पाण्यात वाटून फडक्यातून गाळायचं, ते दूध ढवळत 10 मिनिटं उकळायचं. फेस क्षणात वर येतो, माझी शेगडी 2 वेळा न्हाली. मग गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर, पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालायचा. मी पहिल्यांदा उकळत्या दुधात एकदम ओतला आणि नुसता रवाळ चुरा झाला. तुम्ही हसला नाहीत, तोच चुरा सूपमध्ये घातलात. फडक्यातला चोथा मी ज्वारीच्या पिठात मळून थालीपिठं लावते, ही भर मात्र माझी.

खरं शिकले ते पाण्याबद्दल. आमच्याकडे चव म्हणजे फोडणी, काळा मसाला. तुम्ही फोडणीच केली नाहीत. कोबीचा दांडा, गाजराची टोकं, कोथिंबिरीची देठं, ठेचलेलं आलं-लसूण, म्हणजे मी रोज फेकते ते सगळं, 20 मिनिटं मंद उकळून गाळलंत. त्या पाण्यात आधी गाजर, मग कोबी, टोफूच्या फोडी शेवटची 2-3 मिनिटं. सोया सॉस चमचाभर, आणि मीठ त्यानंतर चाखून, कारण सॉस मुळातच खारट. वरून मिरपूड आणि कांद्याची पात. टोफूला स्वतःची चव फारशी नसते, ज्या पाण्यात पडेल त्याची तो घेतो. म्हणून पाणीच चवीचं हवं, हे तुम्ही खुणांनी आणि मोडक्या हिंदीत सांगितलंत. माझीही हिंदी तशीच, त्यामुळे जमलं.

आता महिना उलटून गेला, पथ्यही सुटलं, तरी बुधवारी सूप होतंच. बाबा त्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी कुस्करून खातात आणि "आखो शे का?", अजून आहे का, असं विचारतात. भाकरीबद्दल माफ करा. शेव मात्र मी अजून त्यात टाकू दिलेली नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची