रानातल्या फियाटचे सुटे भाग

कोकणात, घाटमाथ्यावर करवंदीच्या जाळीत एखादी जुनी फियाट गंजत पडलेली दिसते. एकेकाळी कुर्ल्यात बनणारी ही फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही हद्दपार झाली. तिच्या दाराची मूठ, क्रोमची पट्टी, कार्ब्युरेटर यांसाठी शौकीन चोर बाजार पालथा घालतात. पण रानात दिसली म्हणून गाडी बेवारस होत नाही. परस्पर पाना चालवणे म्हणजे चोरीच, हौस कितीही असो. आरटीओने चासी क्रमांकावरून मालक शोधावा आणि उपयोगी भाग रीतसर विकू द्यावेत. बॅटरी आणि इंजिनातले तेल मात्र पावसाआधीच काढावे, नाहीतर ते ओढ्यात उतरते. केंद्राने २०२१ मध्ये ५० वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ नोंदणी आणली, ठीकच. पण त्या चालवायला सुटे भाग आणायचे कुठून?

– एक वाचक, चिपळूण