पट्टा कंबरेला, दोरी कंपनीच्या हातात

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर एक चौकट होती. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळे चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतींच्या, चॅम्पियनना एका रात्रीत लाखो डॉलर मिळतात, तरी त्यांची कुरकुर संपत नाही, असा तिचा सूर होता. ‘हाव’ हा शब्दही वापरला होता. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात तीस वर्षे घासून निवृत्त झालेला माणूस. वडील मात्र पैलवान होते, आणि पुतण्या रविवारी सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर यूएफसी, म्हणजे या लढती भरवणाऱ्या सर्वांत मोठ्या अमेरिकी कंपनीचे सामने, लावतो. (अमेरिकेतली शनिवारची रात्र ती आपली रविवारची सकाळ.) त्यामुळे त्या चौकटीवर लिहिल्यावाचून राहवेना.

आधी एक कबुली देतो. पडलेल्या माणसाला वरून ठोसे मारायचे, हे तालमीच्या मातीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना अजूनही रुचत नाही. पण हळूहळू त्यात एकेरी पट, दुहेरी पट दिसू लागले, पाठीवर जाऊन ताबा घेणे दिसू लागले, आणि मग माझाही रविवार त्यात जाऊ लागला.

आता हावेबद्दल. फ्रान्सिस एनगानू हा कॅमेरूनमधल्या बातिए गावचा. लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला. पॅरिसला पोहोचला तेव्हा पार्किंगच्या जागेत झोपायचा. २०२१ साली तो यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन झाला. जानेवारी २०२२ मध्ये गुडघ्याचे स्नायुबंध फाटलेले असताना सिरिल गानविरुद्ध पाच फेऱ्या लढून त्याने पट्टा राखला. त्या रात्रीचे त्याचे जाहीर झालेले मानधन ६ लाख डॉलर. त्या वेळच्या भावाने साडेचार कोटी रुपये. आपल्या चौकटीतला आकडा असाच कुठला तरी असणार, आणि तो मोठा दिसतो हे मी नाकारत नाही.

पण त्यानंतर एनगानूने काय मागितले ते पाहा. फायटरना आरोग्य विमा हवा. चड्डीवर स्वतःचे प्रायोजक लावायची मुभा हवी. कंपनीच्या बैठकीत फायटरांची बाजू मांडणारा एक माणूस हवा. यात हाव कुठे आली? कंपनीशी जुळले नाही, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये तो पट्टा सोडून बाहेर पडला. पुढे पीएफएल या दुसऱ्या कंपनीशी करार करताना त्याने स्वतःपुरते पाहिले नाही. आपल्यासमोर जो उभा राहील त्यालाही किमान २० लाख डॉलर मिळावेत, ही अट त्याने घातली. प्रतिस्पर्ध्याच्या मानधनासाठी अडून बसणारा पैलवान मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रियाधला तो मुष्टियुद्धातला हेवीवेट जगज्जेता टायसन फ्युरीविरुद्ध मुष्टियुद्धात उतरला. तो त्याचा पहिलाच व्यावसायिक मुष्टियुद्ध सामना. तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला खाली पाडले आणि शेवटी पंचांच्या विभागलेल्या निकालावर हरला. त्या एका रात्रीची त्याची कमाई यूएफसीतल्या कुठल्याही रात्रीच्या कैक पट होती. माणूस तोच, हात तेच. बदलला तो फक्त बाजार.

आणि बाजार बदलायला त्याला इतकी वर्षे का लागली, हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. यूएफसीच्या करारात एक कलम असते, त्याला ‘चॅम्पियन क्लॉज’ म्हणतात. कराराची मुदत संपताना तुम्ही चॅम्पियन असाल, तर करार आपोआप पुढे वाढतो, आणखी एक वर्ष किंवा तीन लढती, जे आधी होईल तितका. म्हणजे कुठल्याही धंद्यात ज्या क्षणी माणसाचा भाव सर्वांत वर असतो, त्याच क्षणी इथे त्याचे हात बांधले जातात. जखमी होऊन किंवा निवृत्ती जाहीर करून घरी बसलात तर करार तेवढा काळ गोठतो. मुदत संपलीच, तरी दुसरीकडून आलेल्या देकाराची बरोबरी करून तुम्हाला ठेवून घ्यायचा हक्क कंपनीकडे. पुढे करारांत पाच वर्षांची कमाल मर्यादा आली. त्या फटीतूनच एनगानू सुटला, पण त्यासाठी त्याला शेवटचे अकरा महिने न लढता काढावे लागले.

आमच्या भागातल्या जत्रेच्या मैदानाशी हे ताडून पाहा. यात्रा कमिटी वर्गणी काढते, पत्रक छापते, एक नंबरच्या कुस्तीला अमुक इनाम, दोन नंबरला तमुक. खाली पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या. वडिलांनी कैक मैदाने मारली, काही ठिकाणी इनाम ठरल्यापेक्षा कमीही हातावर टेकवले गेले. घरी येऊन ते चार शिव्या हासडायचे, आणि दोन दिवसांनी पुढच्या गावच्या जत्रेला जायचे. कमी दिले त्या गावाला पुढच्या वर्षी चांगली जोड मिळायची मारामार. नारळावर लढणारे पोरही त्या दृष्टीने मोकळे होते. जगातला सर्वांत ताकदवान गडी मात्र मोकळा नव्हता.

दुसरा फरक पट्ट्याच्या मालकीचा. मुष्टियुद्धात किताब देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि सामने भरवणारे प्रवर्तक वेगळे. शिवाय अमेरिकेत २००० सालचा मुहम्मद अली कायदा आहे. सामन्यातून प्रवर्तकाला किती पैसा मिळतो हे मुष्टियोद्ध्याला सांगणे त्याने बंधनकारक केले. एमएमएला तो लागू नाही. यूएफसीत पट्टा कंपनीचा, लढत ठरवणारी कंपनी, प्रतिस्पर्धी निवडणारी कंपनी. डिमिट्रियस जॉन्सनने फ्लायवेटचा पट्टा सलग ११ वेळा राखला, हा यूएफसीतला विक्रम. २०१७ मध्ये त्याने जाहीर निवेदन काढून सांगितले की, कंपनीला हवी ती लढत घे, नाहीतर तुझा वजनगटच बंद करू, अशी भाषा आपल्याशी झाली. पुढच्या वर्षी त्याने पट्टा गमावला आणि काही महिन्यांतच कंपनीने त्याला सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिप या कंपनीला देऊन बदल्यात तिचा फायटर बेन ॲस्क्रन घेतला. बैलबाजारातही याहून जास्त वेळ घासाघीस चालते.

आता हिशेब. माझे जुने खाते, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो.

२००१ मध्ये फर्टिटा बंधूंनी यूएफसी २० लाख डॉलरला घेतली. २०१६ मध्ये ती सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली. पंधरा वर्षांत दोन हजार पट. मधली पहिली काही वर्षे त्यांनी मोठा तोटा सोसला, खेळावर बंदीची टांगती तलवार होती, ते सगळे खरे. जोखीम घेतली त्याला फळ मिळावे, यावर माझा वाद नाही. पण फायटरांनी कंपनीवर भरलेल्या खटल्यात जे कागद बाहेर आले, त्यांवरून कंपनीच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो. अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या बड्या लीगमध्ये तो निम्म्याच्या आसपास आहे. तिथले खेळाडू कंपनीपेक्षा हुशार आहेत म्हणून नव्हे, त्यांच्या संघटना आहेत म्हणून. एमएमएचे फायटर कागदोपत्री नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्यामुळे संघटना बांधणेच अवघड. लेस्ली स्मिथ या यूएफसीच्या फायटरने २०१८ मध्ये तसा प्रयत्न केला. तिची ठरलेली लढत रद्द झाली, तेव्हा कंपनीने तिला न लढताच हजेरीचे आणि विजयाचे असे दोन्ही पैसे दिले आणि करार तिथेच संपवला.

चॅम्पियनचे सोडा, तळाच्या फायटरचे काय, असे पुतण्या विचारतो. नव्याला साधारण १२ हजार डॉलर हजेरीचे आणि जिंकला तर आणखी १२ हजार. आपल्याला हरलेल्याचे दहा लाख रुपये मोठे वाटतात. पण वर्षाला दोन-तीनच लढती, आणि त्यातून प्रशिक्षक, व्यवस्थापक, खुराक, तपासण्या, कर आणि अमेरिकेतले घरभाडे. पूर्वी चड्डीवरच्या जाहिरातींतून काही सुटायचे. २०१५ मध्ये कंपनीने एकाच ब्रँडचे कपडे सक्तीचे केले आणि तीही वाट बंद झाली. बदल्यात तेव्हा नवख्याला लढतीमागे अडीच हजार डॉलर आणि चॅम्पियनला ४० हजार. पिंजऱ्याच्या जमिनीवर मात्र कंपनीच्या जाहिराती तशाच चमकतात, त्यांवर रक्त सांडलेले असते तेव्हाही.

फायटरांचा वर सांगितलेला खटला २०१४ मध्ये दाखल झाला. २०२४ मध्ये कंपनीने ३३.५ कोटी डॉलरची तडजोड देऊ केली. न्यायाधीशांनी ती कमी म्हणून फेटाळली. मग ३७.५ कोटींवर मिटले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला अंतिम मंजुरी मिळाली. मधल्या काळात अनेक माजी फायटरांनी न्यायालयाला लिहून कळवले की, आम्हाला पैशाची आत्ता गरज आहे, तडजोड मान्य करा. ज्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे मार बसला, त्यांना आणखी वाट पाहणे परवडत नव्हते. कंपनीने दोष मात्र कबूल केलेला नाही.

चॅम्पियनना ‘पे-पर-व्ह्यू’चा, म्हणजे प्रेक्षक त्या रात्रीच्या लढतींसाठी वेगळे मोजतो त्या पैशाचा, हिस्सा मिळतो, त्यावर ते गब्बर होतात, असेही आपल्या चौकटीत होते. बड्या नावांबाबत ते खरे होते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीच्या मालक कंपनीने पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२६ पासून अमेरिकेत लढतींसाठी वेगळे पैसे मोजायची ती पद्धतच गेली. प्रेक्षकाचे बरे झाले. कंपनीला सात वर्षांचा गल्ला आधीच ठरवून मिळाला. ज्या हिश्शावर चॅम्पियन मोठा व्हायचा त्याच्या जागी काय आले, हे करार गुप्त असल्याने त्याला सोडून कोणी सांगू शकत नाही. अली कायदा एमएमएला लावावा हे विधेयक २०१६ पासून अडगळीत पडून आहे. उलट हीच मालक कंपनी आता मुष्टियुद्धात उतरली आहे, आणि प्रवर्तकालाच किताब आणि क्रमवारी ठेवू देणाऱ्या नव्या विधेयकाला तिचा पाठिंबा आहे.

हे सारे दूर अमेरिकेतले, असे म्हणता येत नाही. २०१७ मध्ये शांघायला भरत खंडारे यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. २०२४ मध्ये पूजा तोमर तिथे जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली. आमच्या गावच्या तालमीतली दोन पोरे सध्या माती सोडून मॅटवर, आणि मॅट सोडून पिंजऱ्याकडे बघतायत. त्यांचे आईबाप आपला पेपर वाचतात.

आपल्या चौकटीत मानधनाची रक्कम होती, त्या रात्री कंपनीने किती कमावले ते नव्हते. पुढच्या वेळी जिथे दोन्ही आकडे उपलब्ध असतील तिथे ते शेजारी शेजारी छापावेत, आणि ‘हाव’ हा शब्द कोणासाठी वापरायचा ते त्यानंतर ठरवावे, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
जि. सांगली