इतिहासाच्या स्पर्धेत थर्माकोलला किती गुण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय इतिहास संशोधन स्पर्धेचा निकाल आपल्या अंकात फोटोसह वाचला. विजेत्यांचं मनापासून अभिनंदन. आमच्या शाळेचा गट त्यात नाही, म्हणून हे पत्र लिहितेय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. पण स्पर्धेच्या नावात ‘संशोधन’ आणि गुणपत्रिकेत त्याचा एकही रकाना नाही, हे कुणीतरी बोलायला हवं.

रकाने होते ते सादरीकरण, मांडणी, वक्तृत्व आणि वेळेचं भान यांचे. त्यामुळे दालनात थर्माकोलचे रायगड ओळीने उभे होते. त्यातले काही तर प्रोजेक्टच्या सामानाच्या दुकानातून जसेच्या तसे आलेले. मुलं त्यांच्यापुढे उभी राहून पाठ केलेलं बोलत होती, आणि छान बोलत होती. पण मधेच काही विचारलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

आमच्या नववीच्या गटाने विषय घेतला होता चिमठाण्याच्या खजिन्याचा. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ मोटार अडवून क्रांतिकारकांनी ताब्यात घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. इंग्रज राजवटीला पर्याय म्हणून चालवलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि आपल्या भागातले कार्यकर्ते यांनी मिळून केलेलं हे काम. चळवळ चालवायला पैसा लागतो, तो सरकारच्याच तिजोरीतून काढला. मुलं रोज एसटीने त्याच रस्त्याने शाळेत येतात.

नेटवर मजकूर भरपूर मिळाला, पण बराचसा एकमेकांवरून उतरवलेला. एकातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा दुसऱ्यात तशीच. म्हणून मुलं आसपासच्या गावांत म्हाताऱ्या माणसांकडे गेली. एका आजोबांनी मोटार अडवल्याची जागा एक सांगितली, दुसऱ्या गावच्या आजींनी भलतीच दाखवली. मुलांनी दोन्ही लिहून घेतल्या, कोण कुठे बसून बोललं तेही लिहिलं. आजोबा मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये अहिराणीत म्हणतात, “मी तवय धाकला व्हतू, मना बाप सांगे.” गटातल्या एका मुलीने वहीत या वाक्यापुढे लाल पेनाने लिहून ठेवलं: ‘स्वतः पाहिलेलं नाही, वडिलांकडून ऐकलेलं.’ मी तिला तसं सांगितलं नव्हतं. सबंध दालनात मला संशोधन दिसलं ते त्या लाल ओळीत.

परीक्षकांनी वही उघडलीच नाही. तक्त्यावर दोन जागा पाहून म्हणाले, “नक्की कुठली ते ठरवून यायचं ना.” मग अहिराणीतलं बोलणं प्रमाण मराठीत का लिहिलं नाही म्हणून विचारलं. बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवायचे आणि आपला अर्थ खाली वेगळा लिहायचा, हे मुलांना मीच शिकवलं होतं. त्यांनी तसं सांगितलंही. गुण गेले ते गेलेच.

आणि हे कुठे, तर धुळ्यात! अस्सल कागदासाठी गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरलेले इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात वारले. त्यांनी जमवलेल्या कागदांसाठी दुसऱ्याच वर्षी इथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या शहरातल्या इतिहासाच्या स्पर्धेत एकाही परीक्षकाने एकाही मुलाला ‘हे तुला कसं कळलं?’ असं विचारू नये?

जर्मनीत १९७३ पासून तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने शाळकरी मुलांची इतिहास स्पर्धा चालते. दर दोन वर्षांनी एक सूत्र जाहीर होतं. विषय आपल्या गावाशी किंवा घराशी जोडलेला असावा लागतो, सप्टेंबर ते फेब्रुवारी असा अवधी मिळतो, आणि काम कसं केलं याचा अहवालही जोडावा लागतो. पासाऊ गावच्या आना रोस्मुस या मुलीने १९८०च्या सुमारास या स्पर्धेसाठी नाझी काळातलं आपलं गाव हा विषय घेतला, तर गावातल्या प्रतिष्ठितांची जुनी प्रकरणं वर यायला लागली आणि गाव तिच्यावरच उलटलं. आपल्याकडे एवढं रामायण घडावं असं मी म्हणत नाही. पण आमच्या हाती परिपत्रक पडलं ते चाचणी परीक्षेच्या धांदलीत, आणि विषय होता ‘थोर पुरुष’. थोर स्त्रिया बहुधा पुढच्या वर्षी.

बेचाळीसच्या चळवळीतला बालहुतात्मा शिरीषकुमार याच्यावरचं भाषण आपल्याकडे पोरासोरांना तोंडपाठ असतं. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्याच्याबरोबर आणखी चौघे गोळीबारात गेले: लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही चार नावं किती भाषणांत येतात? ही मुलं कुठल्या घरांतली, कुठल्या शाळेत जात होती, एवढं जरी नंदुरबारच्या एखाद्या गटाने शोधलं तरी स्पर्धा सार्थकी लागेल.

शोधायचं म्हटलं की कागद लागतात. आमची मुलं एका कार्यालयात जुन्या नोंदी पाहायला गेली, तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’ यापुढे गाडी सरकली नाही. आता हेच पाहा: २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा शाळांची जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, मोडीतले कागद भराभर कपाटांतून बाहेर आले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. म्हणजे कागद आहेत, आणि मनात आणलं तर सापडतातही. शिक्षकासोबत आलेल्या मुलांना महिन्यातून एखाद्या दिवशी ते पाहू द्यायला काय हरकत आहे?

आयोजकांना माझी विनंती एवढीच, की निम्मे गुण मुलांच्या वहीला आणि तोंडी प्रश्नांना ठेवावेत, विषय आपल्या तालुक्यातला असावा, आणि शाळांना परिपत्रक जूनमध्ये मिळावं. थर्माकोल बंद केला तर पालकांचा खर्चही वाचेल, कारण तो तेच करतात आणि बहुतेकदा किल्लाही तेच बांधतात.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या दैनिकाच्या जुन्या अंकांच्या बांधीव फायली कार्यालयात असतीलच. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपारी मुलांना घेऊन यायची जबाबदारी माझी. हात धुवून बसतील, शाईचं पेन आणणार नाहीत, फक्त पेन्सिल आणि वही. चालणार असेल तर पुढच्या स्पर्धेचं परिपत्रक निघायच्या आत कळवावं.

आपली नियमित वाचक,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. शिंदखेडा, जि. धुळे