गुरुवारी ठाण्यात मुलाखत आहे

ऐरोली, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वाडीतला एकजण उद्या गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आईचा गळा दाटून येतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मागच्या दारी निघून जातात. विषय तिथेच राहतो. तेव्हा बाबांनी मोठ्याने वाचावं. आई मध्ये मध्ये बोलेलच.

गुरुवारी ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात माझी मुलाखत आहे. पद ईएमटीचं, म्हणजे अँब्युलन्समध्ये मागे पेशंटजवळ असते तिचं. सध्या कॅज्युअल्टीत जे करतेय ते कंत्राटी आहे आणि त्यात गाडीवर जायला क्वचितच मिळतं. मी शिकले ते गाडीवरचं काम.

आई, तू मावशीला म्हणालीस म्हणे, "पोरगी मढी वाहायला चालली." मढी न्यायला शववाहिनी असते, ती गाडीच वेगळी. माणूस गेला हे सांगायचा अधिकारसुद्धा मला नाही, तो डॉक्टरचा. बाबा, तुम्हाला वाटतं हे १०८ सारखंच. थोडा फरक आहे. १०८ आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो, बहुतेक वेळा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. खासगी हॉस्पिटलांच्या गाड्यांवर पुष्कळदा ईएमटी आणि पायलट अशी जोडी असते. पायलट म्हणजे ड्रायव्हर. (तीसेक वर्षं कशेडी घाटातून महामंडळाची गाडी काढलीत, तुम्हाला कुणी पायलट म्हटलं नाही. त्याबद्दल मी दिलगीर आहे.)

मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: या कामात का यायचंय? सगळे म्हणतात, लोकांची सेवा करायची आहे. समोरच्या डॉक्टरांचे ते सकाळपासून ऐकून ऐकून कान किटलेले असतात. मी भाऊकाकांचं सांगणार आहे. सगळं नाही. तिन्हीसांजेला तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, वारा लागला म्हणून तेल चोळलं आणि दमलाय तर झोपू दे म्हणून सकाळ होऊ दिली, एवढंच. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही तरच. अशा घरात गेले की मी आधी विचारणार: यांना शेवटचं धड बोलता-चालताना कुणी पाहिलं, आणि किती वाजता? घड्याळ तिथून धरतात. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर वेळ झोपण्याआधीची धरायची, उठल्याची नाही. भाऊकाका आजही डाव्या हाताने जेवतात ते मी तिथे बोलणार नाही. बोलता येणार नाही म्हणून.

मग प्रसंग देतात आणि "तू काय करशील?" विचारतात. आमच्या बॅचमधली पोरं घाईघाईने "नाडी बघेन", "सीपीआर देईन" (म्हणजे छाती दाबून, श्वास देऊन हृदय चालू ठेवणं) म्हणतात आणि तिथेच घसरतात. आधी जागा बघायची असते. आपल्या महाड एमआयडीसीसारखाच इथे ऐरोलीपासून रबाळे, महापे, तुर्भे असा टीटीसी नावाचा कारखान्यांचा पट्टा आहे, त्यात रसायनांचे कारखाने आहेत. वायुगळतीचा कॉल आला तर गाडी लांब, वारा आपल्या पाठीमागून तिकडे जात असेल अशा बाजूला लावायची, आणि अग्निशमन दलाने हो म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. समोर माणूस पडलेला दिसत असला तरी. उत्तर मला पाठ आहे, पण पटायला फार वेळ लागला, कारण घरात उलटं शिकले: पडलेल्याला आधी उचल, बाकीचं मग. मी आत धावले आणि मीही पडले तर तिथे एक पेशंट वाढला आणि एक ईएमटी कमी झाली. डॉक्टरांना हेच ऐकायचं असतं. शूर माणसाची त्यांना थोडी धास्तीच वाटते.

उचलण्यावरून आठवलं. बाबा, १०८ नव्हती तेव्हा हायवेवरच्या अपघातातली माणसं तुम्ही एसटीत घालून महाडला पोचवलीत, पाठीमागे प्रवासी उशिराची कुरकुर करत असताना. विषय निघाला तर मी हे ताठ मानेने सांगणार. मात्र दोघांनी हात आणि दोघांनी पाय धरून झोळी करायची, तसं आता करत नाहीत. मणक्याला मार असेल तर त्याने माणूस कायमचा अधू होऊ शकतो. एकजण डोक्याशी बसून मान सरळ धरतो, तोच एक-दोन-तीन म्हणतो आणि त्याच्या तीनला सगळे मिळून उचलतात. आणि तेव्हा पोलिसांचं लचांड नको म्हणून कुणी पुढे येत नसे ना? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४अ कलम आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी खटला भरता येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची बळजबरीही करता येत नाही. चावडीवर सांगा हे. तुमचं ऐकतात.

आईचा मुद्दा वजनाचा. "हिला भरला हंडा पेलत नव्हता, ही माणूस काय उचलणार?" मुलगी बघून हाच प्रश्न तिथेही येणार याची मला खात्री आहे. उत्तर असं की एकटीने उचलायचंच नसतं. गुडघ्यात वाकायचं, पाठ ताठ, वजन अंगाजवळ, आणि माणसं कमी असतील तर लाज न बाळगता हाक मारायची. ठाण्यात तर उचलण्याच्या तऱ्हाच वेगळ्या. नौपाड्याच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बांधून उतरवायचं आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची कशी फिरवायची हे खालच्या माणसाने आधी बघून यायचं. घोडबंदरच्या टॉवरांना लिफ्ट आहे, पण पुष्कळ ठिकाणी तिच्यात स्ट्रेचर आडवं मावत नाही, तेव्हा वॉचमनला आल्या आल्या सामानाची लिफ्ट विचारायची. लोकमान्यनगरसारख्या दाट वस्तीत गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबते आणि पुढे पायी. हे कुठल्या पुस्तकात नाही, इंटर्नशिपला पायलटांकडून शिकले.

रस्त्यांचा अभ्यास बाबांनीच करून घ्यायला हवा होता. कासारवडवलीहून छातीत दुखणारा पेशंट घेतला, मेट्रोचं काम, मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत गाड्यांची रांग. कुठल्या हॉस्पिटलात नेशील? सगळ्यात जवळचं, हे उत्तर अर्धंच. हृदयविकाराच्या झटक्याला अँजिओप्लास्टीची, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची, सोय जिथे आत्ता चालू आहे तिथे न्यायचं आणि निघतानाच फोन करून ठेवायचा, म्हणजे तिकडची माणसं तयार राहतात. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड असा कायदा आहे, पण माजिवड्याच्या पुलाखाली लोक वाट देणार कुठून? सरकायलाच जागा नसते. तेव्हा पायलटशी आधीच बोलून ठेवलेलं बरं. आणि मागे मी छाती दाबत उभी असताना त्याने कचकन ब्रेक मारला तर मी पेशंटवर जाऊन आदळेन, म्हणून वेगापेक्षा न हिसकणारी गाडी मला प्यारी. ही गोष्ट तुम्ही दरवर्षी नव्या ड्रायव्हरांना सांगायचात, ती मी तुमच्या नावावर खपवणार आहे.

आकड्यांची उजळणी रोज रात्री रूममेटबरोबर चालते. सीपीआरमध्ये छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. भजन रंगात आल्यावर बाबांचे टाळ जसे पळतात, साधारण तो ठेका. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलं की दाब उथळ होतात आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. शुद्ध मोजायची ग्लासगोची पद्धत आहे, १९७४ सालची: डोळे, बोलणं, हालचाल. एकूण गुण जास्तीत जास्त १५. कमीत कमी किती, हा फसवायचा प्रश्न. पटकन शून्य निघतं तोंडातून, पण उत्तर ३. काहीच प्रतिसाद न देणाऱ्यालाही प्रत्येकात एक मिळतो. मग ऑक्सिजनचा हिशेब. बी टाईप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर, पेशंटला मिनिटाला १० लिटर लावला तर कागदावर अडीच तास. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर अर्धा वेळ, आणि माजिवडा मध्ये आहे हे विसरायचं नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात सगळं सांगायचं असतं, हँडओव्हर म्हणतात त्याला. आणि मी आईची लेक. आपल्या घरी कुणाला सर्दी झाली तर आई परवाच्या बारशापासून सुरुवात करते. मी सध्या असं घोकतेय: पुरुष, वय ५८, सकाळी सहापासून छातीत दुखतंय, मधुमेह आहे, बीपी ११०/७०, ऑक्सिजन ९६, ईसीजी काढलाय, फोनवर डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिन चावायला दिली, कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही. बस. घाम किती आलाय, बायको किती घाबरलीय, मुलगा पुण्याला असतो, हे काही नाही. जीभ चावून थांबते.

नातेवाईक अंगावर आले तर काय करशील, हेही विचारतात. आवाज चढवायचा नाही आणि उगाच "काही होणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्यालाच काम द्यायचं: जुनी फाईल आण, गोळ्यांची पिशवी आण, लिफ्ट धरून ठेव. मला हे उत्तर आवडतं, कारण माणूस तेव्हा ओरडतो ते हात रिकामे असतात म्हणून.

विंचवाचं कुणी विचारणार नाही, ठाण्यात कोण विचारतंय. विचारलं असतं तर मी भाव खाल्ला असता. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी लागू पडते हे आपल्या महाडच्या बावसकर डॉक्टरांनी दाखवून दिलं, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आई, आजीच्या वेळच्या गोष्टी तू सांगतेस, विंचू चावला आणि तोंडाला फेस येऊन माणूस गेला. तो फेस म्हणजे फुप्फुसात साठलेलं पाणी. ते मला कोर्सला कळलं.

रात्रपाळी आहे. बारा तासांची, रात्री आठ ते सकाळी आठ. मी संध्याकाळी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरणार आणि उजाडल्यावर परतणार, म्हणजे अपरात्री एकटीने प्रवास नाही. रात्रभर पायलट बरोबर असतो आणि गाडी कुठे आहे ते हॉस्पिटलला दिसतं. याहून जास्त समजूत मी घालू शकत नाही. काळजी करायची असेल तर कर.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. बाबांच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची नावं स्ट्रिपवरून बघून, मिलिग्रॅमसकट, मोठ्या अक्षरात कागदावर लिहा. त्याखाली आईच्या थायरॉईडची गोळी, आणि त्या वर्षी कुठल्या इंजेक्शनने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या त्याचं नाव; जुन्या फाईलीत कागद असेल. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एकीचा फोटो मला पाठवा. बाबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं, तर साखर उतरली असेल. शुद्धीत असून गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ लावायची. परक्या घरात जाऊन मी हेच विचारणार, आणि स्वतःच्या घरचं मला अर्धंच ठाऊक आहे.

दुसरं, बारावीचं मूळ गुणपत्रक ट्रंकेत आहे, निळ्या फायलीत, रेशनकार्डाच्या खाली. मुलाखतीला मूळ कागद मागितलेत. टपालाने नको, वेळेत येणार नाही. पत्र घेऊन येणारा मंगळवारी दुपारच्या गाडीने परत निघतोय, त्याच्याकडे द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आणि आई, त्याच्याबरोबर तांदूळ, कुळीथ, फणसाच्या आठळ्या असलं काही लादू नकोस, त्याला पनवेलला गाडी बदलायची आहे. फार तर पापड.

तुमची,
बाय