वाटून घ्यायची रजा आणि आजीचा व्हिसा

महोदय,

ब्रिटनमध्ये म्हणे बापालाही बाळंतपणाची मोठी पगारी रजा मिळते. हे आपल्याकडे इतक्या कौतुकाने सांगितलं जातं, की मीही तेच धरून इंग्लंडमधल्या रेडिंग गावी गेले होते. २०२५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत लेकीच्या बाळंतपणासाठी तिथे राहिले. चौतीस वर्षं बँकेत आकडे जुळवण्यात गेली. त्यामुळे ही रजा कागदावर कशी आणि घरात कशी, ते कळवल्याशिवाय राहवेना.

जावयांची स्वतःची रजा दोन आठवडे. त्यापुढची मोठी रजा आईबापांनी वाटून घ्यायची. ५ एप्रिल २०१५ पासून पुढे ज्यांच्या जन्माची अपेक्षित तारीख होती, त्या बाळांपासून ही सोय सुरू झाली. आईच्या ५२ आठवड्यांतले पहिले दोन तिला सक्तीचे. उरलेले ५० दोघांत वाटता येतात आणि त्यातल्या ३७ आठवड्यांचे पैसे मिळतात. किती? तर २०२५-२६ चा दर आठवड्याला १८७ पौंड १८ पेन्स. सरासरी पगाराचे ९० टक्के त्याहून कमी भरत असतील, तर तेवढेच.

बाळ दहा दिवसांचं असेल. माझ्या मांडीवर पेंगत होतं आणि ही दोघं जेवणाच्या टेबलाशी वीजबिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडत होती. जावई म्हणाले, "मी तीन महिने घेतो." अगदी मनापासून म्हणाले. रात्री दोनला उठून लंगोट बदलणारा माणूस आहे, उगाच बोलणारा नाही. पण चार आठवड्यांचे जेमतेम साडेसातशे पौंड, आणि घरभाडं तेराशे. लेकीची कंपनी आईला पहिले चार महिने पूर्ण पगार देते. जावयांची कंपनी बापाला कायद्यापेक्षा दमडी जास्त देत नाही. वर त्यांनी घेतलेला प्रत्येक आठवडा लेकीच्या खात्यातून वजा. तिने आधी आपली रजा अमुक तारखेला संपवते असं लिहून द्यायचं, मग आपापल्या ऑफिसला आठ आठवड्यांची नोटीस. मी पाकीट हातात घेऊन बेरीज पुन्हा केली. बरोबर होती.

"राहू दे," लेक म्हणाली.

जावयांनी पाकीट उलटं ठेवलं. "आणि आई, तुम्ही आहातच की."

पंधराव्या दिवशी ते ऑफिसला गेले. खांद्यावर दुधाचा डाग तसाच होता, मीच दारातून हाक मारून पुसला.

आमच्याच घरची ही गोष्ट असती तर लिहिलं नसतं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारला या रजेची जाहिरात करत फिरावं लागलं. वर्षाला २,८५,००० जोडपी पात्र, आणि रजा घेणारे कदाचित दोनच टक्के, असं सरकार स्वतःच सांगत होतं. २०२३ च्या सरकारी अहवालात पात्र बापांपैकी साधारण ५ टक्के निघाले. आईला जादा पगार आणि वाटून घेतलेल्या रजेवरच्या बापाला नुसता कायद्यापुरता, हा भेदभाव आहे म्हणून दोघे बाप कोर्टात गेले होते. २०१९ मध्ये अपील कोर्टाने तो भेदभाव ठरत नाही, असा निकाल दिला. मग "पुरुषांना घरी बसायला नको असतं" असं म्हणायला लोक मोकळे.

आमची लेक झाली १९९३ मध्ये. मला तीन महिने रजा होती, मी माहेरी कोल्हापूरला. हे एसटीने सकाळी आले, पाळण्यात डोकावले आणि संध्याकाळच्या गाडीने सांगलीला परत. कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. रेडिंगला वाचनालयात दर मंगळवारी तान्ह्या बाळांची गाणी असत. एकदा लेकीबरोबर गेले. गोलात सगळ्या आया, एक बाप आणि माझ्यासारख्या दोन आज्या. त्यातली एक विजयवाड्याची. तीही सहा महिन्यांच्या व्हिसावर. आम्ही खुणांनीच एकमेकींचे गुडघे विचारले.

हे सांगायचं कारण, आपल्याकडेही आता बापाच्या रजेची मागणी होते आहे. आईला २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने शून्य. मागणी जरूर करावी, पण आईच्या ताटातलं वाढून घेण्याची ब्रिटिश पद्धत मागू नये. स्वीडनमध्ये ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकाला राखीव असतात. बापाने नाही घेतले तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. आणि बहुतेक दिवसांना ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराच्या सुमारे ८० टक्के मिळतात. त्याचं स्वतःचं पान आणि त्यावर पोटभर वाढलेलं, एवढं मागावं.

मी ऑक्टोबरच्या शेवटी परतले. लेकीची रजा मेपर्यंत आहे, पण पगार आधीच आटणार म्हणून ती जानेवारीतच कामावर जाणार. विहीणबाईंचा व्हिसा आला आहे. नाचणीचं सत्त्व माझ्याकडचंच न्यायचं, असं ठरलं आहे. परवा त्या बॅग घेऊन वजन करायला येतील.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली