घरच्या पावाच्या कृतीत सोलापूरचा उन्हाळाही धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरी यीस्टचा पाव करण्याच्या कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून हल्ली वरचेवर येतात. ‘कोमट पाणी घ्या, पीठ दुप्पट होईपर्यंत उबदार जागी ठेवा’ हे त्यांत ठरलेले असते. थंड हवेच्या देशात ते बरोबर आहे. सोलापुरात मार्च ते जून उबदार जागा शोधावी लागत नाही. थंड जागा कुठे सापडली तर कळवावे. इथे घरचा पाव बिघडतो तो बहुधा या दोन सूचनांमुळेच, आणि बोल लागतो यीस्टला नाहीतर ओव्हनला.

न मळता, पीठ रात्रभर ठेवून पाव करण्याची पद्धत २००६ मध्ये न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांच्यामुळे सर्वदूर पोचली. त्यात पीठ १२ ते १८ तास ठेवायचे असते, पण खोली २१ अंशांच्या आसपास धरून. दर आठ-दहा अंशांमागे यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात तेच पीठ पाच-सहा तासांत तयार होते आणि सकाळपर्यंत उतरते: मध्ये खळगा पडतो, दारूसारखा वास येतो, हात लावला की चिकट लोळ होतो. असा पाव भट्टीत पसरतो. वरची सालही फिकी राहते, कारण रंग येण्यासाठी लागणारी साखर यीस्टने आधीच फस्त केलेली असते.

पाणी किती गार हवे, याचा बेकरीतला हिशेब सोपा आहे. भिजवलेले पीठ २५ अंशांवर हवे. खोली, कोरडे पीठ आणि पाणी अशी तीन तापमाने, म्हणून २५ गुणिले ३ म्हणजे ७५. त्यातून खोलीचे आणि कोरड्या पिठाचे तापमान वजा करा. उरेल ते पाण्याचे. मे महिन्यात खोली ३८ आणि डब्यातले पीठ ३६ असेल, तर उत्तर येते १ अंश, म्हणजे चक्क बर्फाचे पाणी. डिसेंबरात खोली २४ आणि पीठ २३ असेल तर पाणी २८ अंशांचे. बर्फ वापरल्यास त्याचे वजन पाण्यातच धरावे. गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी नको, आणि गिरणीतून नुकतेच आणलेले गरम पीठ तर नकोच. ते परातीत पसरून निवू द्यावे.

मापे वाटीने देऊ नयेत, एवढी विनंती आहे. एक कप मैदा चाळून अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, डब्यात कप खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. मग पाण्याचे प्रमाण कसे जुळणार? एका पावाला मैदा ३०० ग्रॅम, चाळलेली कणीक १०० ग्रॅम, पाणी २८० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट पाव छोटा चमचा, म्हणजे जेमतेम पाऊण ग्रॅम. घरच्या काट्यावर एवढे वजन नीट कळत नाही, तिथे चमचाच बरा. सगळी कणीकच वापरायची तर पाणी ३२० ग्रॅमपर्यंत लागते. गिरणीच्या दळणात स्टार्चचे कण जास्त फुटतात, ते पाणी ओढतात. ज्वारीचे पीठ घालायचा मोह सोलापूरकराला होणारच. पण पाव फुगवून धरणारे गव्हातले चिवट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, ज्वारीत नाही. कणकेतले ४० ग्रॅम काढून तेवढी ज्वारी घालावी, त्यापुढे पाव बसतो.

सगळे कालवून वीस मिनिटे झाकून ठेवावे. मग ओल्या हाताने पिठाची एक कड धरून, फाटणार नाही इतपत वर ताणून मध्यावर दुमडायची, भांडे पाव फेरा फिरवायचे आणि पुढची कड घ्यायची. चार कडा झाल्या की झाकण. वीस-वीस मिनिटांनी असे तीनदा केले की पातळ वाटणारे पीठ तुकतुकीत होऊन गोळा धरते. तेव्हा पहिल्याच घडीला पीठ चिकटते म्हणून वरून मैदा भुरभुरू नये. पीठ दीडपट दिसू लागताच घट्ट झाकून फ्रिजमध्ये १२ ते १८ तास. बाहेर काढल्यावर गोल आवळून बेकिंग पेपरवर ठेवावे. पुढे घड्याळ पाहू नये. पीठ लावलेल्या बोटाने दाबावे: खड्डा लगेच भरला तर थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजा, तसाच राहिला तर उशीर झाला. उन्हाळ्यात हे पाऊण तासातही होते.

झाकणाचे बिडाचे भांडे ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) २३० अंशांवर अर्धा तास तापवावे. उंची आधी मोजून घ्यावी. झाकणासकट भांडे आत मावत नाही हे ऐनवेळी कळते. झाकणाची प्लॅस्टिकची मूठही काढून ठेवावी. पावावर धारदार पात्याने अर्धा इंच खोल चीर देऊन पेपरसकट आत सोडावा. ३० मिनिटे झाकून, १५ ते २० मिनिटे उघडा. कोंडलेल्या वाफेने साल मऊ राहते आणि पाव फुगून घेतो. बीड नसेल तर तापल्या ट्रेवर पाव ठेवून वर स्टीलचे पातेले पालथे घालावे. निदान तासभर निवल्याशिवाय कापू नये. गरम पाव आत गिच्च लागतो आणि कच्चा राहिल्याचा उगाच संशय येतो.

आणखी एक गोष्ट कृतींत सहसा येत नाही. कडक उन्हाळ्यात पावाला दुसऱ्या दिवशीच पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येऊन आतला भाग चिकट झाला, तोडताना तार सुटली, तर तो बॅसिलस जातीच्या जिवाणूंचा प्रताप समजावा. पिठातले त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात. असा पाव भाजून खाऊ नये, टाकून द्यावा. भांडी, पाट, सुरी व्हिनेगरने पुसावीत आणि पुढच्या वेळी पिठात छोटा चमचाभर व्हिनेगर घालावे. चांगला पाव मात्र फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे तो लवकर शिळा होतो. काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट तव्यावर टाकावेत.

आपला,
एक वाचक, सोलापूर